वालीचं चित्र कुणाचं?

चित्र लहान आहे. उंची ३२.७ सेंटिमीटर, रुंदी ३९.८. आपल्याकडे एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षेत जो कागद हातात पडतो, त्याहून जेमतेम दोन बोटं मोठं. लाकडी फळीवर तैलरंगात रंगवलेलं. व्हिएन्नाच्या लिओपोल्ड म्युझियममध्ये ते आहे, आणि त्याचं नाव आहे ‘वालीचं व्यक्तिचित्र’. चित्रकार एगॉन शीले, साल १९१२. तेव्हा शीले २२ वर्षांचा होता. समोर बसलेली वाली १७-१८ वर्षांची.

या एवढ्याशा फळीसाठी अमेरिकेत बारा वर्षं खटला चालला आणि शेवटी १ कोटी ९० लाख डॉलर मोजावे लागले. त्या खटल्याबद्दल पुढे लिहिणारच आहे. पण खटल्याची गोष्ट सांगताना बहुतेक जण चित्रातल्या मुलीला विसरतात, म्हणून आधी चित्राकडे पाहू.

लालसर सोनेरी केस, काळा पोशाख, गळ्याशी पांढरी कॉलर. मान एका बाजूला किंचित कललेली. ओठ लाल. आणि डोळे निळे, चेहऱ्याच्या मानाने मोठे, थेट आपल्याकडे लागलेले. मागे जवळजवळ पांढरी, रिकामी पार्श्वभूमी आणि पानांची एक फांदी. खुर्ची नाही, खिडकी नाही, पडदा नाही. ती कुठे बसली आहे, सकाळ आहे की संध्याकाळ, काहीच कळत नाही. व्यक्तिचित्राचा कागद आपण सहसा उभा धरतो. इथे फळी आडवी आहे, त्यामुळे चेहरा अंगावर आल्यासारखा जवळ येतो. हातभर अंतरावर बसून कुणी आपल्याकडे बघावं, तसा.

चित्रकला शिकताना आम्हाला उजेड-सावली शिकवायचे. प्रकाश डावीकडून येतो, मग नाकाची उजवी बाजू गडद, हनुवटीखाली सावली, गालाचं हाड उठून दिसलं पाहिजे. शीलेने हे सगळं शिकून सोडून दिलं होतं. १९०६ मध्ये, सोळाव्या वर्षी, त्याला व्हिएन्नाच्या कला अकादमीत प्रवेश मिळाला आणि १९०९ मध्ये तो तिथून बाहेर पडला. त्याच्या चित्रात उजेड कुठून येतो याला महत्त्व उरत नाही. रेषा सगळं सांभाळते. ती जबड्यावरून, मानेवरून, बोटांच्या सांध्यांवरून ताणलेल्या तारेसारखी जाते. त्याला काम करताना पाहिलेल्यांनी लिहून ठेवलं आहे की तो खोडरबर वापरत नसे आणि रेखाटनात रंग भरायचा तो मॉडेल निघून गेल्यावर. म्हणजे रेषा समोरच्या माणसाची, पण रंग त्याच्या मनात उरलेला. एक्स्प्रेशनिझम म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं की मी हीच गोष्ट सांगतो.

मराठीत त्याला अभिव्यक्तिवाद म्हणतात. शब्द भारदस्त असल्यामुळे अर्थ थोडा दडतो. त्याच्या आधीची पिढी इम्प्रेशनिस्टांची, म्हणजे दृक्प्रत्ययवाद्यांची. पाण्यावर ऊन पडलं की त्या क्षणी डोळ्याला काय दिसतं ते त्यांनी पकडलं. त्यांचा प्रवास बाहेरून आत. अभिव्यक्तिवाद्यांनी दिशा उलटी केली. आत जे चाललंय, भीती, ओढ, एकटेपणा, ते बाहेरच्या रूपावर उमटवायचं आणि त्यापायी रूप वाकलं तर वाकू द्यायचं. गाल हिरवा झाला तर होऊ दे, हात लांबला तर लांबू दे. जर्मनीत ड्रेस्डेनच्या तरुणांनी १९०५ मध्ये ‘ब्रुके’, म्हणजे ‘पूल’, नावाचा गट काढला. म्युनिकमध्ये १९११ मध्ये ‘निळा स्वार’ उभा राहिला. व्हिएन्नात असा नावाजलेला गट नव्हता. तिथे शीले होता, ओस्कार कोकोश्का होता, आणि दोघांच्याही डोक्यावर गुस्ताव क्लिम्टची सोनेरी सावली होती. क्लिम्ट बायकांची चित्रं काढताना त्यांना नक्षीत गुंडाळत असे. शीलेने नक्षी काढून टाकली आणि माणूस तेवढा उघडा ठेवला. ‘उघडा’ म्हणजे विवस्त्र असं मला म्हणायचं नाही. वाली या चित्रात गळ्यापर्यंत झाकलेली आहे, तरीही तिने काही लपवलेलं नाही असं वाटतं.

शीलेची बरीच चित्रं पाहणाऱ्याला ओरबाडतात. हे चित्र तसं नाही. इथे विकृती अगदी थोडी आहे. मान जरा जास्त कललेली, डोळे जरा जास्त मोठे, बस. माझ्या मते म्हणूनच ते त्याच्या उत्तम चित्रांत मोडतं. समोरच्या माणसाबद्दल वाटणारा विश्वास रंगवायचा असेल तर रूप मोडावं लागत नाही, हे त्याला इथे उमगलेलं दिसतं.

याला एक जोडचित्रही आहे. त्याच वर्षी, त्याच आकाराच्या फळीवर शीलेने स्वतःचं चित्र केलं. त्यात त्याच्यामागे कागदी कंदिलासारख्या लाल फळांची फांदी आहे. पूर्वी आपल्याकडे बैठकीच्या खोलीत नवरा-बायकोचे फोटो शेजारी शेजारी लावत. ही दोन चित्रं तशीच एकमेकांसाठी केलेली. पण ही दोघं नवरा-बायको नव्हती, आणि झालीही नाहीत.

वालबुर्गा नॉयत्सिल हे तिचं पूर्ण नाव. जन्म १९ ऑगस्ट १८९४, व्हिएन्नाच्या दक्षिणेला असलेल्या टाटेनडोर्फ गावी. घरची गरिबी. १९११ मध्ये तिची शीलेशी गाठ पडली तेव्हा ती सोळा वर्षांची होती. पुढची चार वर्षं ती त्याची मॉडेल होती आणि जोडीदारही. मॉडेलचा धंदा त्या काळच्या व्हिएन्नात जवळजवळ वेश्येच्या पंक्तीत बसवला जाई. चित्र विकत घेणारा प्रतिष्ठित, चित्र काढणारा कलावंत, आणि जिच्यामुळे चित्र झालं ती मात्र बदनाम.

इथे मला आमचा लाइफ क्लास आठवतो. एक बाई यायच्या. लाकडी चौथऱ्यावर दोन दोन तास हलायच्या नाहीत. आम्ही त्यांना मावशी म्हणायचो. गुडघा किती अंशात दुमडला आहे, कानाची पाळी कुठे संपते, हे मला आजही डोळे मिटून काढता येईल. त्यांचं आडनाव मात्र आम्हा वीस-बावीस जणांपैकी कुणालाच माहीत नव्हतं, कारण कुणी विचारलंच नाही. वालीबद्दल वाचायला लागलो तेव्हापासून ही गोष्ट मला डाचते.

शीले आणि वाली १९११ मध्ये क्रुमाउला राहायला गेले. आज ते चेक प्रजासत्ताकात आहे, चेस्की क्रुमलोव म्हणून. शीलेच्या आईचं गाव. लग्नाशिवाय एकत्र राहणारी जोडी आणि नग्न रेखाटनं गावाला सोसली नाहीत, आणि त्यांना गाव सोडावं लागलं. मग व्हिएन्नाजवळच्या नॉयलेंगबाखमध्ये घर घेतलं. तिथे एप्रिल १९१२ मध्ये पोलिसांनी शीलेला अटक केली. घरातून पळून आलेल्या एका अल्पवयीन मुलीला फूस लावून पळवल्याचा आरोप होता. तो टिकला नाही. लहान मुलांच्या नजरेला पडतील अशी अश्लील चित्रं ठेवल्याबद्दल मात्र शिक्षा झाली. तो एकूण २४ दिवस तुरुंगात होता. न्यायाधीशाने त्याचं एक रेखाटन न्यायालयातच मेणबत्तीवर धरून जाळलं. शीले थोर चित्रकार होता म्हणून तेव्हाच्या गावकऱ्यांना मागास ठरवून मोकळं व्हावं, असं मला वाटत नाही. लहान मुलं त्याच्या घरी येत, त्यांची चित्रं तो काढी, आणि त्यातली काही चित्रं आजही पाहताना अस्वस्थ करतात. चित्रकाराची प्रतिभा आणि ही अस्वस्थता, दोन्ही खरी आहेत.

त्या २४ दिवसांत वालीने त्याला सोडलं नाही. तिने पाठवलेलं एक संत्रं त्याने कोठडीत जलरंगात रंगवलं. खाटेवर, करड्या घोंगडीशेजारी, एकच नारिंगी ठिपका. ते संत्रं हाच तिथला एकमेव उजेड होता, असं त्याने त्या चित्रावर लिहिलं आहे. ज्या वर्षी हे घडलं त्याच वर्षी वालीचं व्यक्तिचित्र झालं. ते पाहताना हे संत्रं माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

पुढची गोष्ट मला लिहवत नाही, पण ती टाळून चालणार नाही. शीलेने व्हिएन्नाच्या हिट्झिंग भागात स्टुडिओ घेतला. समोर हार्म्स नावाचं मध्यमवर्गीय कुटुंब राहत होतं, दोन मुली, आडेले आणि एडिथ. चांगल्या घरच्या मुली एकट्या तरुणाबरोबर फिरायला कशा जाणार? म्हणून सोबतीला वाली जायची. फेब्रुवारी १९१५ मध्ये शीलेने आपल्या एका मित्राला कळवलं की आपण लग्न करणार आहोत, फायद्याचं, आणि बहुधा वालीशी नाही. १७ जून १९१५ रोजी त्याने एडिथशी लग्न केलं. दरवर्षी उन्हाळ्यात काही दिवस आपण दोघं बरोबर घालवू, असा प्रस्ताव त्याने वालीपुढे ठेवला होता. तिने नाही म्हटलं आणि ती निघून गेली. त्यानंतर दोघं भेटले नाहीत.

त्याच वर्षीचं त्याचं ‘मृत्यू आणि तरुणी’ हे मोठं चित्र बेल्व्हेडेर संग्रहालयात आहे. त्यातली तरुणी पुरुषाला बिलगली आहे, पण तिचे हात काडीसारखे बारीक झालेले, आता सुटतील की मग असे. अभिव्यक्तिवादात रूप का मोडतात हे कळायला ते हात पुरेसे आहेत.

वालीने परिचारिकेचं शिक्षण घेतलं. पहिलं महायुद्ध चालू होतं. रेडक्रॉसतर्फे तिला डाल्मेशियात, आजच्या क्रोएशियातल्या सिन्य गावी पाठवलं. तिथे लोहितांग ज्वराने २५ डिसेंबर १९१७ रोजी ती गेली. वय २३. दहा महिन्यांनी, २८ ऑक्टोबर १९१८ रोजी, स्पॅनिश फ्लूने एडिथ गेली, पोटात सहा महिन्यांचं मूल होतं. तीन दिवसांनी शीलेही गेला. तो २८ वर्षांचा होता.

माणसं संपली. चित्र उरलं, आणि पुढे ते लिया बाँडी यारे यांच्याकडे आलं.

लिया बाँडी व्हिएन्नातल्या ज्यू कलाव्यापारी. वुर्टले गॅलरी त्यांची होती. पण वालीचं चित्र गॅलरीच्या मालात नव्हतं, ते त्यांच्या राहत्या घरात भिंतीवर होतं. हा फरक पुढे फार महत्त्वाचा ठरला. मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला. ज्यूंचे धंदे ‘आर्य’ लोकांच्या नावावर करण्याची मोहीम सुरू झाली, आणि लियांची गॅलरी फ्रीड्रिश वेल्झ या नाझी पक्षाच्या सदस्याने घेतली. १९३९ मध्ये लिया आणि त्यांचे पती लंडनला निसटण्याच्या तयारीत होते. वेल्झ घरी आला, त्याला भिंतीवरची वाली दिसली, आणि त्याने ती मागितली. हे माझं खाजगी आहे, गॅलरीचं नाही, असं लियांनी सांगितलं. पण पती म्हणाले, देऊन टाक, आपल्याला उद्या निघायचं आहे आणि हा माणूस काहीही करू शकतो. त्यांनी चित्र दिलं. चाकू-पिस्तूल न दाखवता झालेली ही चोरी आहे. कायद्याच्या भाषेत ती सिद्ध करायला किती कष्ट पडतात ते पुढे दिसेल.

त्याच १९३८ सालाचा एक धागा थेट मुंबईपर्यंत येतो. वॉल्टर लँगहॅमर हा व्हिएन्नात शिकलेला चित्रकार. त्याची पत्नी केटी ज्यू होती, म्हणून दोघांनी देश सोडला आणि मुंबई गाठली. तो टाइम्स ऑफ इंडियाचा कलादिग्दर्शक झाला. त्याच्या घरी तरुण चित्रकार जमत. रझा, आरा, हुसेन, आणि गोव्यातल्या साळगावचा सूझा ज्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये १९४७ मध्ये एकत्र आले, त्या पिढीला मध्य युरोपातली ही दणकट, भावनेने रूप वाकवणारी चित्रकला लँगहॅमर आणि त्याच्यासारख्या इतर निर्वासितांकडून कळली. सूझाच्या चेहऱ्यांवरच्या त्या काट्यासारख्या रेषा पाहिल्या की मला व्हिएन्ना आठवतं. ज्या लाटेने लियांना लंडनला नेलं, तिनेच हे मुंबईला आणून टाकलं.

आता चित्राचा प्रवास. युद्ध संपल्यावर अमेरिकन सैन्याने वेल्झकडची चित्रं ताब्यात घेतली आणि ऑस्ट्रियाच्या स्मारक खात्याकडे सोपवली. त्यांत हाइनरिश रीगर यांच्या संग्रहातली चित्रं होती. रीगर दंतवैद्य होते, फीच्या बदल्यात गरीब चित्रकारांकडून चित्रं घेत, शीलेकडूनही घेतली होती. त्यांना थेरेसिएनश्टाटच्या छळछावणीत नेलं आणि तिथेच ते मेले. त्यांच्या वारसांना चित्रं परत मिळाली तेव्हा वालीचं चित्र चुकून त्याच गठ्ठ्यात गेलं. वारसांनी १९५० मध्ये तो संग्रह बेल्व्हेडेरला विकला. चोराकडून सैन्याकडे, सैन्याकडून सरकारकडे, सरकारकडून भलत्याच वारसांकडे, तिथून राष्ट्रीय संग्रहालयात. प्रत्येक हाताने बहुधा कागदावर सही घेतली असेल. मूळ मालकिणीची मात्र एकाही कागदावर नाही.

१९५३ मध्ये रुडॉल्फ लिओपोल्ड लियांना लंडनमध्ये भेटले. व्हिएन्नातले नेत्रवैद्य, शीलेच्या चित्रांनी झपाटलेले संग्राहक. शीले फारसा कुणी विचारत नव्हता तेव्हापासून त्यांनी त्याची चित्रं जमवली, हे त्यांचं श्रेय आहेच. लियांनी त्यांना सांगितलं, वाली माझी आहे, बेल्व्हेडेरमध्ये पडली आहे, ती परत मिळवायला मला मदत करा. पुढच्याच वर्षी लिओपोल्ड यांनी शीलेचं दुसरं एक चित्र बेल्व्हेडेरला देऊन त्या बदल्यात वाली घेतली. स्वतःसाठी. लियांना हे नंतर कळलं. १९६९ मध्ये त्या लंडनमध्ये वारल्या, चित्र पुन्हा हाती न येता.

१९९७ च्या ऑक्टोबरात लिओपोल्ड संग्रहाचं प्रदर्शन न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये लागलं. वालीही गेली होती. प्रदर्शन संपता संपता, जानेवारी १९९८ मध्ये, मॅनहॅटनचे जिल्हा सरकारी वकील रॉबर्ट मॉर्गेनथाऊ यांनी हे आणि आणखी एक चित्र अडवलं. संग्रहालयाचं म्हणणं होतं की न्यूयॉर्कच्या कायद्याप्रमाणे बाहेरून उसनी आणलेली कलाकृती अशी अडवता येत नाही. सप्टेंबर १९९९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं. तेव्हा लगेच केंद्र सरकार पुढे आलं आणि त्याने चोरीच्या मालाच्या कायद्याखाली चित्र जप्त केलं.

खटल्याचं नाव होतं ‘अमेरिका विरुद्ध वालीचं व्यक्तिचित्र’. वाचून चमकायला होतं, पण जप्तीच्या दाव्यांत असं करतात. माणसावर नव्हे, वस्तूवर दावा. मुंबई उच्च न्यायालयात जहाजावर दावा लावून ते बंदरात रोखतात, तसाच प्रकार. त्यामुळे मालक परदेशात असला तरी वस्तू आपल्या हद्दीत आहे एवढं पुरतं.

मुख्य गुंता दोन प्रश्नांचा होता. पहिला, हे चित्र अजूनही ‘चोरीचं’ आहे का? एक जुना नियम असा की चोरीचा माल पोलिसांनी परत मिळवला की त्याचा चोरीचा डाग जातो. मग १९४५ नंतर अमेरिकन सैन्याने चित्र ताब्यात घेतलं तेव्हाच डाग गेला नाही का? २००० मध्ये न्यायाधीशांनी हे मानलं आणि दावा फेटाळला. सरकारने बाजू नव्याने मांडली की सैन्याला लिया कोण हेच ठाऊक नव्हतं, त्यांच्या वतीने त्याने काही घेतलंच नव्हतं. २००२ मध्ये दावा पुढे चालू झाला.

मालकीचा नियमही देशोदेशी वेगळा. न्यूयॉर्कमध्ये चोराकडून कितीही हातांतून माल फिरला तरी मालकी मूळ मालकाचीच राहते. आपल्याकडचा १९३० चा मालविक्री कायदाही मुळात हेच सांगतो, विकणाऱ्याकडे जी मालकी नाही ती घेणाऱ्याला मिळत नाही. युरोपातल्या बऱ्याच देशांत मात्र प्रामाणिकपणे, काही न कळता विकत घेणाऱ्याला संरक्षण आहे.

दुसरा प्रश्न लिओपोल्ड यांच्या मनाचा. चित्र चोरीचं आहे हे त्यांना माहीत होतं का? बेल्व्हेडेरचा हक्क खरा आहे असं आपण मानत होतो, असं ते म्हणत. सप्टेंबर २००९ मध्ये न्यायाधीश लॉरेटा प्रेस्का यांनी निकाल दिला की चित्र लियांकडूनच चोरलं गेलं होतं, आता लिओपोल्ड यांना ते माहीत होतं का एवढा एकच प्रश्न पंचांपुढे, म्हणजे ज्युरीपुढे, जाईल. सुनावणी जुलै २०१० मध्ये ठरली. २९ जूनला लिओपोल्ड वारले. सुनावणीच्या काही दिवस आधी, २० जुलैला, तडजोड झाली. १ कोटी ९० लाख डॉलर लियांच्या वारसांना, चित्र व्हिएन्नाच्या संग्रहालयाला.

या काळात कायद्याचं जगही बदललं. डिसेंबर १९९८ मध्ये वॉशिंग्टनमध्ये ४४ देशांनी नाझींनी लुटलेल्या कलाकृतींबद्दल तत्त्वं मान्य केली, त्याच वर्षी ऑस्ट्रियाने सरकारी संग्रहालयांतली अशी चित्रं परत करण्याचा कायदा केला. जप्त झालेल्या या फळीची लाज त्यामागे होती, असं मला वाटतं.

न्यूयॉर्क सोडण्याआधी चित्र तीन आठवडे तिथल्या ज्यू वारसा संग्रहालयात ठेवलं होतं. मग ते घरी गेलं. तडजोडीत एक अट होती. लिओपोल्ड म्युझियम हे चित्र जिथे लावील तिथे शेजारच्या पाटीवर त्याचा खरा इतिहास लिहिलेला असला पाहिजे. २०१५ मध्ये त्याच संग्रहालयाने वालीच्या आयुष्यावर वेगळं प्रदर्शन भरवलं. तिचा जन्म, तिच्या नोकऱ्या, सिन्यमधलं तिचं परिचारिकेचं काम, तिची कबर, सगळं मांडलं होतं. एका मॉडेलचं प्रदर्शन, तिच्या पूर्ण नावाने.